आत्महत्येची जोखीम कशी तपासतात? मानसोपचारातल्या स्केल्सबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता या क्षणी तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार चालू असतील, तर हे पान नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. ही 'टेली-मानस' नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर १०८ किंवा ११२. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

मी सोलापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. खालचे प्रश्न मला ओपीडीच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांनी विचारलेत, वॉर्डातल्या सिस्टरांनी विचारलेत, पहिल्यांदाच रात्रपाळीला एकट्या उभ्या राहिलेल्या तरुण डॉक्टरांनीही विचारलेत. म्हणून काही उत्तरं घरच्यांसाठी आहेत आणि काही हातात फॉर्म घेऊन बसणाऱ्यांसाठी. दोघांनी दोन्ही वाचली तरी चालेल, वाचावीतच.

डॉक्टरांनी आमच्या माणसाला एक फॉर्म घेऊन मरणाबद्दलचे प्रश्न विचारले. हे काय होतं?

त्याला रेटिंग स्केल म्हणतात. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेला आकडा किंवा हो-नाही. डॉक्टरला स्वतःहून विचारता येत नाही म्हणून स्केल वापरतात, असं नाही. पण ओपीडीत साठ माणसं रांगेत असताना, किंवा रात्री अडीच वाजता दमलेल्या अवस्थेत, हाच एक प्रश्न राहून जातो. विचारणाऱ्यालाही तो जड जातो. फॉर्मवर छापलेला असला की तो सुटत नाही. दुसरी गोष्ट, आज विचारलेलं आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरने विचारलेलं एकमेकांशी ताडून बघता येतं. केसपेपरवर 'पेशंट बरा वाटतो' एवढंच लिहिलेलं असेल तर ते ताडता येत नाही.

असं थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार उगाच शिरणार नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. विशेषतः आयांकडून. 'मॅडम, तो विषयच काढू नका हो त्याच्यासमोर.'

नाही, शिरत नाही. हे फक्त माझ्या अनुभवावरून सांगत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलामुलींवर याच शंकेचा अभ्यास झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना तर विचारल्यावर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. त्यानंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये घेतला गेला, त्यातूनही हेच निघालं.

का हलकं वाटतं, ते मी समोर बसून बघितलंय. ज्याच्या मनात हा विचार महिनाभर घोळतोय, त्याला वाटत असतं की हे बोललो तर घर कोसळेल, लोक वेडा म्हणतील. समोरचा माणूस शांत आवाजात तेच शब्द उच्चारतो, तेव्हा पहिल्यांदा कळतं की हे बोलता येण्यासारखं आहे. काही जण लगेच रडतात. त्या रडण्याला घाबरून विषय बदलू नये, एवढंच विचारणाऱ्याने सांभाळायचं.

मात्र कसं विचारता याने फरक पडतो. 'तसलं काही मनात नाही ना?' हा प्रश्न नाहीच. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच हातात देतो, आणि पेशंट ते मुकाट घेतो.

कोणकोणती स्केल्स वापरतात?

पुष्कळ आहेत. कामात येणारी मोजकीच.

आज जगभर सर्वाधिक वापरात असलेलं म्हणजे कोलंबिया स्केल, फॉर्मवर सी-एसएसआरएस असं लिहिलेलं असतं. केली पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं, २०११ मध्ये त्याचा मुख्य अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचं छोटं रूप सहा प्रश्नांचं आहे, पाच मिनिटांत होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांची तीन जुनी स्केल्स अजून टिकून आहेत. १९७४ चं निराशेचं स्केल: वीस वाक्यं, प्रत्येकाला खरं किंवा खोटं. १९७९ चं आत्महत्येच्या विचारांचं स्केल: एकोणीस मुद्दे, प्रत्येकी ० ते २, म्हणजे जास्तीत जास्त ३८. आणि प्रयत्न होऊन गेल्यावर, त्या वेळी मरण्याचा इरादा किती होता हे समजून घ्यायचं इंटेंट स्केल. यातल्या निराशेच्या स्केलकडे मी फार लक्ष देते. रुग्णालयात दाखल झालेल्या, मनात आत्महत्येचे विचार असलेल्या १६५ रुग्णांचा बेक यांनी पाच ते दहा वर्षं मागोवा घेतला. त्यातले ११ जण पुढे आत्महत्येने गेले आणि त्या ११ पैकी १० जणांचे निराशेचे गुण सुरुवातीलाच जास्त होते. नैराश्य किती आहे याच्यापेक्षा 'पुढे काहीच चांगलं होणार नाही' ही खात्री किती पक्की आहे, ते वेगळं विचारावं लागतं.

नैराश्याच्या फॉर्ममध्येही हा प्रश्न दडलेला असतो. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, हॅमिल्टनच्या स्केलमधला तिसरा, मॅड्रसमधला दहावा. इथे होणारी चूक म्हणजे फक्त बेरीज बघणं. पीएचक्यू-९ ची बेरीज सहा आली, सौम्य म्हणून फॉर्म फाइलला लागला, पण त्या सहामध्ये नवव्या प्रश्नाचे दोन होते. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, पेन खाली ठेवून बोलायचं.

मुलांसाठी एएसक्यू नावाची चार प्रश्नांची छोटी यादी आहे. चारपैकी एकालाही 'हो' आलं तर पाचवा प्रश्न विचारायचा: आत्ता, या क्षणी, असे विचार येतायत का?

आणि सॅड पर्सन्स. १९८३ ची दहा मुद्द्यांची यादी, परीक्षेसाठी पाठ करायला सोपी म्हणून अजून शिकवली जाते. वय, लिंग, लग्न झालंय का, दारू, असे गुण मोजायचे. माझं स्पष्ट मत, हिच्यावर निर्णय घेऊ नये. पुढे कुणाला धोका आहे ते ओळखण्यात ती वारंवार कमी पडलेली आहे, आणि समोरच्या माणसाच्या मनात आज काय चाललंय हे त्यातल्या बहुतेक मुद्द्यांतून कळत नाही.

कोलंबियाचे प्रश्न मराठीत विचारायचे कसे?

अधिकृत भाषांतर उपलब्ध असेल तेच वापरायचं, फॉर्मवरचे शब्द आपल्या मनाने बदलायचे नाहीत. पण आशय काय आहे तो समजलेला असला पाहिजे, नाहीतर नुसतं वाचून दाखवलं जातं.

प्रश्न एकेक पायरी खाली उतरतात. पहिला: मरून गेलो असतो तर बरं झालं असतं, किंवा झोपावं आणि पुन्हा जागच येऊ नये, असं गेल्या महिन्यात वाटलं का? दुसरा: स्वतःचा जीव घ्यावा असा विचार खरोखर आला का? दुसऱ्याला 'नाही' आलं तर थेट सहाव्यावर जायचं. 'हो' आलं तर तिसरा, कसं करायचं याचा विचार झाला का. चौथा, ते करायचंच असा काही इरादा होता का. पाचवा, सगळं ठरवलं होतं का आणि ते पार पाडायचं मनात होतं का. सहावा सगळ्यांनाच: कधी काही केलंय का, करायला घेतलंय का, तयारी केलीय का? आयुष्यात केव्हाही, आणि गेल्या तीन महिन्यांत.

चौथ्या किंवा पाचव्याला 'हो', किंवा सहाव्याला तीन महिन्यांच्या आतलं 'हो', म्हणजे माणसाला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाने लगेच बघायचं.

आता आपल्या गावची अडचण. आपल्याकडे मरणाची भाषा रोजच्या बोलण्यात आहे. 'देवानं आता उचलावं' हे सत्तरीची आजी भाजी निवडता निवडता म्हणते. 'जीव नकोसा झालाय' हे कर्जाचा हप्ता चुकलेला माणूस म्हणतो. 'वैताग आलाय', 'टेन्शन आलंय', 'कुठंतरी निघून जावंसं वाटतं'. अक्कलकोटकडची अक्का 'साकागिदे' म्हणते, म्हणजे पुरे झालं. या प्रत्येक वाक्यामागे कधी काहीच नसतं, कधी सगळं असतं. म्हणून पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. 'उचलावं म्हणता आजी, पण आपणच काही करून घ्यावं असं कधी मनात आलं?' एवढा एक प्रश्न पुढे टाकला की दोन्ही वेगळं होतं.

'जिवाचं बरंवाईट' हा शब्दप्रयोग मी टाळते. सभ्य वाटतो, पण त्यात हातावर ओरखडे काढणंही येतं आणि जीव देणंही. दोन्हींची नोंद वेगळी व्हायला हवी.

सोलापुरात घरची भाषा मराठी असेलच असं नाही. पद्मशाली घरात तेलुगू, सीमेकडच्या गावांत कन्नड, बऱ्याच वस्त्यांत दखनी. ओपीडीत आलेल्या मावशी मराठी बोलतात, व्यवहारापुरतं अगदी चांगलं बोलतात. पण मनातलं दुःख माणूस आईच्या भाषेत सांगतो. तेव्हा त्या भाषेची सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, कुणीही कर्मचारी सोबत घ्यावा. मुलाला किंवा सुनेला दुभाषा करू नये. आईला मरावंसं वाटतंय हे तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे, आणि सुनेच्या तोंडून खरं उत्तर येणारही नाही.

म्हणजे घरच्यांना बाहेर बसवणार?

थोडा वेळ, हो. आधी पेशंटशी एकट्याने बोलायचं, मग त्याला सांगून घरच्यांशी. राग मानू नका. नवरा शेजारी बसलेला असताना बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणार नाही, आणि बाप समोर असताना मुलगा परीक्षेत नापास झाल्याचं सांगणार नाही.

पण घरच्यांचं ऐकल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, हेही तितकंच खरं. पेशंट 'छे, तसं काही नाही' म्हणतो आणि बाहेर बायको सांगते की परवा त्यांनी एलआयसीचे कागद काढून मला सगळं समजावून सांगितलं, मोठ्या भावाकडे जाऊन जुनं भांडण मिटवून आले. फॉर्मवर सहाही उत्तरं 'नाही' असताना ही एक माहिती जास्त वजनाची ठरते. अनेक दिवस तळमळणारा माणूस कारण नसताना एकदम शांत झाला तर घरच्यांना हायसं वाटतं. तीच वेळ आम्हाला फोन करायची.

स्कोअर कमी आला. म्हणजे धोका नाही ना?

असं म्हणता येत नाही. या पानावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं हिशोबाने सांगते.

समजा हजार रुग्ण आहेत आणि वर्षभरात त्यातले पाच आत्महत्येने जाणार आहेत. आपल्याकडे बऱ्यापैकी चांगलं स्केल आहे, जे धोक्यातल्या शंभरातले ऐंशी अचूक पकडतं आणि धोक्यात नसलेल्या शंभरातल्या ऐंशींना अचूक सोडतं. मग ते पाचपैकी चार पकडेल. पण उरलेल्या ९९५ पैकी १९९ जणांवरही 'जास्त धोका' असा शिक्का मारेल. म्हणजे २०३ जणांच्या यादीत चार. आणि पाचवा माणूस 'कमी धोका' लिहिलेला कागद घेऊन घरी जाईल. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण प्रत्यक्षात असंच घडलेलं आहे. अमेरिकेत पोकोर्नी यांनी ४,८०० माजी सैनिक रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेतला. ६७ जण आत्महत्येने गेले, आणि कुणाला धोका आहे हे आधी ओळखायचा प्रत्येक प्रयत्न चुकीच्या शिक्क्यांखाली दबून गेला. तो अभ्यास १९८३ चा. त्यानंतर २०१७ मध्ये पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हाही भाकीत नाणं उडवण्याहून किंचितच बरं निघालं.

म्हणूनच ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ शब्दांत सांगतात की पुढे आत्महत्या होईल का याचं भाकीत करायला स्केल वापरू नका, कुणाला उपचार द्यायचे आणि कुणाला घरी पाठवायचं हे त्यावर ठरवू नका, आणि कमी-मध्यम-जास्त अशा कप्प्यांत माणसं टाकू नका.

मग स्केल वापरायचंच कशाला?

कारण प्रश्न विचारला जाणं आणि भाकीत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम स्केल चांगलं करतं. ते संभाषणाचं दार उघडतं, काही राहू देत नाही, आजचं आणि कालचं ताडायला देतं. विचार किती वेळा येतात, किती वेळ टिकतात, आवरता येतात का, कशामुळे थांबता, हे कोलंबियाच्या मोठ्या फॉर्ममध्ये एकेक करून विचारलंय, आणि त्यातलं 'कशामुळे थांबता' याचं उत्तर तर उपचाराचं साहित्यच असतं. मला मिळालेली उत्तरं: धाकटीचं लग्न व्हायचंय. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज उचलायचा मान आमच्या घराकडे आहे. यंदाची वारी चुकवायची नाही. म्हैस माझ्याशिवाय कुणाला दूध देत नाही. यातल्या एकाही उत्तराला गुण नाहीत, पण ते केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवावं.

आकडा नाही, तर मग निर्णय कशावर घेता?

समोरचा माणूस, त्याचा आजार, पूर्वीचा प्रयत्न, आजची परिस्थिती आणि सोबत कोण आहे, या सगळ्यावर. पूर्वी प्रयत्न झालेला असणं ही फार महत्त्वाची खूण आहे. आजाराप्रमाणे विचारायच्या गोष्टी बदलतात. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येत असतील तर ते काय सांगतात, हुकूम देतात का आणि तो हुकूम मोडता येतो का, हे विचारल्याशिवाय उठू नये. त्यात तरुण, शिकलेला, आजारातून सावरताना 'माझं आयुष्य आता असंच' हे नव्याने उमगलेला रुग्ण बाहेरून बरा दिसतो आणि आतून सर्वांत नाजूक असतो. बायपोलरमध्ये, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणाऱ्या आजारात, उदासी आणि उसळती अस्वस्थता एकत्र आलेली अवस्था जपायची. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिनेही. दारू पिणाऱ्याला प्यायलेल्या अवस्थेत विचारून भागत नाही, उतरल्यावर पुन्हा विचारावं लागतं. आणि 'नशेत बोलला हो' म्हणून सोडूनही देऊ नये.

झोप. अनेक रात्रींचं जागरण धोका वाढवतं. पण यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याला 'झोप लागते का' विचारून काही कळत नाही. पाळी कोणती, दिवसा किती तास आडवे होता, पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात झोपता येतं का, हे विचारावं लागतं.

नैराश्याची गोळी सुरू केल्यावर असे विचार वाढतात असं ऐकलं. खरं आहे का?

पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत काही जणांना असे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक इशारा छापायला लावला. याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही, पहिल्या आठवड्यांत लवकर लवकर भेटा असा आहे. अस्वस्थता वाढली, एका जागी बसवेना, झोप उडाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता या. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. उलट लिथियमसारखं औषध आत्महत्येचा धोका कमी करतं, आणि क्लोझापिन स्किझोफ्रेनियामध्ये याच कारणासाठी वापरलं जातं.

एकदा तपासलं की झालं?

नाही. आत्महत्येचे विचार संथ नदीसारखे एका पातळीवर राहत नाहीत, तासातासाला चढतात-उतरतात. भरती करताना, औषध बदलल्यावर, घरी वाईट बातमी आल्यावर, सुट्टीवर सोडताना आणि डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा विचारायचं.

डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने जपायचे असतात. घरच्यांना वाटतं, बरा होऊन आला. पण तो त्याच घरात, त्याच कर्जात, त्याच शेजाऱ्यांत परत आलेला असतो. पहिली तपासणी सात दिवसांच्या आत ठेवावी. इथेच आपल्या भागातला माणूस निसटतो. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. तिला 'का आला नाहीत' असं दरडावण्यापेक्षा फोन करावा.

फोनची ताकद कमी समजू नये. जेरोम मोटो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ८४३ रुग्णांवर एक अभ्यास केला. हे सगळे डिस्चार्जनंतर उपचार घ्यायला नाही म्हणालेले. अर्ध्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, कसे आहात, आठवण आली, एवढीच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ चा अभ्यास पाच देशांत झाला, त्यात आपलं चेन्नई होतं. प्रयत्न करून आलेल्या १,८६७ जणांपैकी काहींना तासाभराची माहिती आणि पुढे दीड वर्षात ठरावीक फोन किंवा भेटी दिल्या. अठरा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के मृत्यू आत्महत्येने झाले होते, फोन-भेटी मिळालेल्यांत ०.२ टक्के.

सुरक्षा योजना म्हणजे काय?

स्केलनंतर काय करायचं, त्याचं उत्तर. बार्बरा स्टॅनले आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला हा एक पानी कागद आहे, पेशंटच्या शब्दांत, पेशंटसोबत बसून लिहायचा. 'पुन्हा असं करणार नाही' अशी शपथ किंवा सही घेणं वेगळं, त्याचा उपयोग नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ तर कधीच घेऊ नका. ती मोडेल या भीतीने माणूस पुढच्या वेळी काही सांगतच नाही.

कागदावर क्रमाने काय असतं? लाट येतेय हे मला कशावरून कळतं. तेव्हा एकट्याने मी काय करू शकतो. कुठे जाऊन बसलं, कुणात मिसळलं की मन वळतं. मग, कुणाला खरं सांगून मदत मागू शकतो. त्यानंतर डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर. शेवटी, घर सुरक्षित कसं करायचं.

एका अण्णांच्या कागदावर 'सिद्धेश्वर तलावाच्या काठाला जाऊन बसतो' असं आलं, तेव्हा मी थांबले. पाण्याजवळ एकट्याने जाणं आम्ही काढून टाकलं आणि त्याजागी 'मंदिरात, लोकांत' असं लिहिलं, सोबत मेहुण्याला फोन करून. योजना पेशंटची असली तरी प्रत्येक ओळ आपण डोळ्यांपुढे आणून बघायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा कागद आणि नंतरचे फोन दिलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं.

घर सुरक्षित करायचं म्हणजे नेमकं काय?

तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी घातक वस्तू नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. फवारणीची औषधं घरात, गोठ्यात, खाटेखाली ठेवू नका. कुलूपबंद पेटीत, किल्ली दुसऱ्याकडे, शक्य असेल तर पेटीच दुसऱ्याच्या शेतावर. उरलेलं औषध 'पुढच्या हंगामाला होईल' म्हणून राखू नका. गोळ्या घरच्यांनी सांभाळाव्यात, एका वेळी थोड्याच दिवसांच्या द्यायला डॉक्टरांना सांगावं. हे पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने करावं.

प्रयत्न केल्याचं सांगितलं तर पोलीस केस होईल, म्हणून लपवावं का?

लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम तेवढं आहे. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात. तो नोंदीचा भाग आहे. 'चुकून पोटात गेलं' असं सांगितल्याने जबाब टळत नाही, फक्त मानसोपचारतज्ज्ञाची भेट टळते.

पेशंट भरती व्हायला तयार नाही. जबरदस्ती करता येते का?

स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न अलीकडे झाला असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, बहुधा घरचाच) अर्जावरून याच कायद्याच्या कलम ८९ खाली तीस दिवसांपर्यंत भरती करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्र तपासावं लागतं. तातडीच्या वेळी जवळचा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, म्हणजे बार्शी किंवा मंगळवेढ्यात असाल तर आधी सोलापूर गाठायलाच हवं असं नाही.

हे फॉर्म मोबाईलवर मिळतात. आम्हीच घरी भरून बघू का?

फॉर्म नको. प्रश्न मात्र विचारा. जेवण झाल्यावर, बाकीचे झोपल्यावर, शेजारी बसून: 'तुला जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?' उत्तर आलं की उपदेश करू नका, पोराबाळांची आठवण करून देऊ नका, रागावू नका. 'बरं केलंस सांगितलंस' म्हणा आणि दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन या. उत्तरात ठरवलेलं काही ऐकू आलं तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका.

सोलापुरात कुठे जायचं?

सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तातडीचं असेल तर रात्री अपघात विभागात या. शहरात खाजगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. गावाकडे असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगून सुरुवात करा. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा.

आमचा माणूस गेला. फॉर्म भरला होता, त्यावर 'धोका कमी' लिहिलं होतं. चुकलं कोण?

हा प्रश्न मला ज्या ज्या वेळी आलाय, त्या वेळी मी तयार उत्तर दिलेलं नाही. प्रश्न विचारलेच नव्हते का, घरच्यांचं ऐकलं नव्हतं का, हे तपासून बघण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि विभागानेही ते बसून बघायला हवं. पण त्या कागदावरचे दोन शब्द लिहिणाऱ्याला पुढचं दिसत होतं, आणि तुम्हालाच दिसलं नाही, असं स्वतःला सांगू नका. वर जो हिशोब मांडला तो याचसाठी.

मागे राहिलेल्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, चारचौघांत 'हार्टअटॅकने गेला' असं सांगावं लागतं. लहान मुलांना खरं सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे कळत नाही. यासाठी तुम्ही स्वतः ओपीडीत येऊ शकता. दहावा-तेरावा उरकल्यावर, सगळे पाहुणे गेल्यावर घर मोकळं होतं, तेव्हा या. सोबत त्यांचा जुना केसपेपर आणा. तुमचा नवीन आपण खिडकीवर काढू.